भिंतीवरचे आजोबा

म्हैसूरच्या माणसाने राजवाडा आतून पाहायचा नसतो. असा काही लेखी नियम नाही, पण चामुंडीपुरममध्ये राहणाऱ्या पंचाक्षरय्यांनी तो अठ्ठावन्न वर्षं काटेकोर पाळला होता. रविवारी संध्याकाळी दिवे लागले की बायकोला घेऊन फाटकासमोर उभं राहावं, "छान" म्हणावं आणि डोसा खायला जावं. पाहुणे आलेच तर त्यांना आत सोडून आपण चपला ठेवायच्या खिडकीजवळ सावली धरून बसावं. तिकीट काढून आत जाणं हे परगावच्या लोकांचं काम. स्वतःच्या घरात कुणी तिकीट काढून जातं का?

पंचाक्षरय्यांच्या बाबतीत हे 'स्वतःचं घर' जरा जास्तच खरं होतं. आत लग्नमंडपाच्या दालनात दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं आहेत आणि त्या चित्रांत त्यांचे आजोबा होते. हत्तीच्या मागे चौथे. हातात चवरी, मिशीची टोकं वर वळलेली.

या माहितीचा उगम तपासला तर तो असा. पंचाक्षरय्या सात वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून ती चित्रं दाखवली होती. भिंतीवरून लांबवर हात फिरवत ते म्हणाले होते, "इथं आहेत बघ तुझे आजोबा." मूळ बातमी एवढीच. चवरी पुढे आली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. मिशी एका साहेबाच्या निरोप समारंभात आली. हत्तीमागचा चौथा क्रमांक नेमका कधी लागला, याची नोंद नाही.

तसा हा गृहस्थ नोंदींचा पक्का होता. सरकारी छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितशोधक. राजपत्रातला चुकलेला अनुस्वार त्यांना तीन फुटांवरून दिसत असे. लोकांच्या लग्नपत्रिकाही ते लाल पेन्सिल घेऊनच वाचत. एकच मजकूर त्यांनी कधी तपासला नव्हता, आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

तो तपासण्याची वेळ आली मुलाच्या साखरपुड्यामुळे.

मुलगी धारवाडची. व्याही चन्नबसप्पा हे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. अजूनही त्यांच्या शर्टाच्या खिशात पोलादी फीत असे आणि बोलता बोलता ते समोरच्या टेबलाची लांबी घेऊन टाकत. साखरपुड्याच्या जेवणानंतर दोन्हीकडच्या मंडळींनी आपापले थोर पूर्वज बाहेर काढले. चन्नबसप्पांच्या पणज्याने एका इंग्रज साहेबाचा नकाशा चुकीचा ठरवला होता. त्यावर गप्प राहणं पंचाक्षरय्यांना जमलं नाही. त्यांनी आजोबा काढले. चवरी, मिशी, हत्ती, चौथा क्रमांक, सगळं काढलं. वर म्हणाले, "या एकदा म्हैसूरला, दाखवतो."

इथेच घात झाला. म्हैसूरमध्ये 'या एकदा' याचा अर्थ 'बराय, निघा आता' असा होतो. हे म्हैसूरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. धारवाडकडे मात्र 'या' म्हटलं की माणूस येतो.

"येत्या शनिवारी येतो," चन्नबसप्पा म्हणाले. "आणि बघा व्याहीबुवा, एक सांगून ठेवतो. जमीन असो नाहीतर माणसाचा शब्द, मी मोजल्याशिवाय कागदावर घेत नाही." आणि ते खो खो हसले. पंचाक्षरय्याही हसले, पण त्यांचं हसणं मध्येच संपलं.

म्हैसूरला परतल्यावर ही बातमी कुणाला सांगायची नाही असं ठरलं होतं, म्हणून ती दुसऱ्याच दिवशी गल्लीभर झाली. शेजारचे मरीगौडा सकाळी वर्तमानपत्र मागायला आले आणि कॉफी पिऊन सल्ला देऊन गेले. मरीगौडांची मद्दूरकडे नारळाची बाग होती. नारळ आपोआप वाढत असल्यामुळे त्यांना सल्ले द्यायला भरपूर वेळ असे.

"स्वामी, सोपं आहे. दालन दुरुस्तीला काढलंय म्हणून सांगा."

"आणि ते तिथं जाऊन बघतील तेव्हा?"

"मग म्हणायचं, आजोबांचाच भाग पुसट झालाय. दमट हवा."

"मरीगौडा, माझे आजोबा पुसट होत नाहीत," पंचाक्षरय्या दुखावून म्हणाले.

"मग आधी एकदा जाऊन बघून का नाही येत?" स्वयंपाकघरातून देवीरम्मांचा आवाज आला. देवीरम्मा म्हणजे पंचाक्षरय्यांच्या पत्नी. त्या कमी बोलत, कारण घरात बोलण्याचं खातं पंचाक्षरय्यांकडे होतं.

मंगळवारी दुपारी, गल्ली झोपलेली पाहून, पंचाक्षरय्या गुपचूप राजवाड्याकडे निघाले. वळसा घालून दुसऱ्याच रस्त्याने गेले. रांगेत मान खाली घालून तिकीट काढलं. मागे वळतात तो समोर छापखान्यातला जुना सहकारी, सुट्टीला आलेल्या भाच्यांना पोचवायला आलेला.

"कोण, पंचाक्षरय्या? तिकिटाच्या रांगेत? तुम्ही?"

चोरीच्या मालासकट सापडल्यासारखं तिकीट मुठीत दडलं. "पाहुण्यांसाठी."

"कुठायत पाहुणे?"

"येतायत."

"मग थांबतो की मीही. बऱ्याच दिवसांनी भेटलो."

सहकारी पावणेदोन तास थांबला. न येणाऱ्या पाहुण्यांची दोघांनी सावलीत बसून वाट पाहिली, निवृत्तीवेतनावर चर्चा केली, उसाचा रस प्यायला. शेवटी सहकारीच म्हणाला, "अहो, तुमचे पाहुणे फारच बेशिस्त दिसतात." तोवर फाटक बंद व्हायची वेळ झाली. पंचाक्षरय्या न फाटलेलं तिकीट घेऊन घरी आले आणि ते त्यांनी पंचांगात ठेवलं.

शुक्रवारी मरीगौडांनी अखेरचा सल्ला दिला. "चेहरा जुळला पाहिजे, स्वामी. चित्रातल्या सगळ्यांना लांब कोट आणि पगडी. तुम्हीही तसेच जा. मग ज्याच्याकडे बोट दाखवाल तो तुमचा आजोबा वाटेल."

हा सल्ला पंचाक्षरय्यांना पटला, कारण पगडी ही त्यांच्या हातची गोष्ट होती. बाजारातली शिवलेली पगडी त्यांच्या घरात चालत नसे. गल्लीतल्या नवऱ्यामुलांच्या पगड्या तेच बांधत. एकच खोट होती. ते डावखुरे, त्यामुळे त्यांचा पेच उलटा जाई. सगळ्या म्हैसूरचा पेच उजवीकडे चढतो, यांचा डावीकडे. वडिलांचाही तसाच जायचा. "आमच्या नवरदेवाचा फोटो आरशातून काढल्यासारखा दिसतो," असं मरीगौडांच्या बायकोने आपल्या मुलाच्या लग्नात सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. ते पंचाक्षरय्या विसरले नव्हते.

शनिवारी सकाळी व्याही आणि विहीणबाई आले. शांतव्वा विहीणबाईंनी पेढ्यांचा डबा पुढे केला, देवीरम्मांनी म्हैसूरपाकाचं ताट. दोन्ही बाजूंनी एकमेकींच्या गोडाचं तोंड भरून कौतुक झालं आणि दोन्ही बाजूंनी आपलंच जास्त खाल्लं गेलं. चन्नबसप्पांनी म्हैसूरपाकाच्या वडीला फीत लावली. "सगळ्या सारख्या आहेत," त्यांनी निकाल दिला. "घर शिस्तीचं दिसतंय." इतक्यात पंचाक्षरय्या लांब कोट, जरीची पगडी आणि उपरणं अशा थाटात खोलीतून बाहेर आले.

"शिव शिव!" चन्नबसप्पा म्हणाले. "लग्न पुढच्या महिन्यात आहे ना?"

पाच जणांची मंडळी निघाली. पाचवे मरीगौडा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण साक्षीदार लागतो म्हणाले.

राजवाड्यात अनवाणी जावं लागतं. चपलांच्या खिडकीशी हीऽ गर्दी. चन्नबसप्पा आपल्या वहाणांचे बंद सोडत होते, तेवढ्यापुरते पंचाक्षरय्या खिडकीच्या कडेला उभे राहिले. जरीची पगडी, लांब कोट, ताठ मान. पाहता पाहता एका बाईने त्यांच्या हातात सँडलचा जोड दिला. "नीट ठेवा हं, नवीन आहेत." ते काही बोलणार तोच दुसऱ्याने बूट दिले. त्यामागून एका कुटुंबाने सहा जोड आणले, त्यांत दोन चिखलाचे.

"मी... मी चपलावाला नाही," पंचाक्षरय्या म्हणाले.

"मग पगडी कशाला घातलीय?" कुटुंबप्रमुखाने रास्त शंका काढली. "बरं, चपलावाला नाही म्हणजे गाईड असणार. चला रे, ह्यांच्या मागून चला. इकडेतिकडे पळायचं नाही."

आठ जोड चपला खिडकीतून आत देऊन पंचाक्षरय्या दालनाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या मागे त्यांची स्वतःची मंडळी होती आणि शिवाय हे सहा जणांचं कुटुंब. ते कुटुंब दर दहा पावलांनी विचारत होतं, "हा खांब कशाचा?" पंचाक्षरय्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. पण खोटं उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती. आजोबा सोडून.

लग्नमंडपाचं दालन आलं. वर मोरांच्या रंगीत काचांचं छत, खाली चकचकीत फरशी आणि चहूकडे भिंतीवर मिरवणूक.  पंचाक्षरय्यांच्या आठवणीत एक चित्र होतं. इथे चित्रामागून चित्र चाललं होतं. एक हत्ती होता म्हणावं तर हत्तींचा कळप होता. आणि माणसं! घोडेस्वार, भालदार, वाजंत्रीवाले, अधिकारी, मानकरी, शेकडो. सगळे पगडीतले, आणि मिशी नसलेला माणूस शोधूनच काढावा लागला असता.

"हं, व्याहीबुवा," चन्नबसप्पांनी चष्मा पुसला. "कुठायत?"

पंचाक्षरय्यांनी घसा साफ केला आणि त्यातल्या त्यात भारदस्त गृहस्थाकडे बोट केलं. "हे."

सगळे वाकले. "ह्यांच्या हातात तर बंदूक आहे," चन्नबसप्पा म्हणाले.

"तुम्ही तर चवरी म्हणायचा, स्वामी," साक्षीदार मरीगौडांनी साक्ष दिली.

"ते नव्हे, त्यांच्या पलीकडचे."

"त्यांना मिशी नाही."

"चला चला, थांबू नका, मागे रांग आहे," पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. मंडळी पुढच्या चित्राकडे सरकली. पंचाक्षरय्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघून पगडीच्या कडेत मुरला. आणि तेवढ्यात त्यांना ते दिसले. हत्ती, त्याच्या मागे चौथा माणूस, मिशी वर वळलेली, आणि हातात चवरीसारखंच काहीतरी.

"हे! हे बघा! हेच माझे आजोबा!" आनंदाने त्यांचा आवाज काचेच्या मोरांपर्यंत गेला.

"कोण म्हणतंय?" मागून प्रश्न आला.

गर्दीतून एक ठेंगणी म्हातारी पुढे आली. डोक्यात मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची वेणी, हातात पिशवी. "हे माझ्या आईचे वडील. दर वर्षी मंड्याहून येते मी त्यांना बघायला. तुम्ही कोण?"

"बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. हे हत्तीमागचे चौथे—"

"पाचवे. तो कडेचा अर्धा दिसतो तोही धरायचा. आणि नाक बघा." म्हातारीने चित्राशेजारी आपला चेहरा नेऊन बाजूने वळवला. नाक तेच होतं. टोकाशी वाकलेलं, मधे उंचवटा असलेलं, शंका घ्यायला जागाच नसलेलं नाक. गाईडच्या आशेने आलेलं सहा जणांचं कुटुंब एका सुरात "हो की!" म्हणालं. मग सगळ्यांनी वळून पंचाक्षरय्यांच्या नाकाकडे पाहिलं. ते बसकं होतं.

"दुसऱ्याचा आजोबा घ्यायचा म्हणजे काय हो?" म्हातारी म्हणाली. "स्वतःचा नाही का तुम्हाला?"

 चन्नबसप्पांनी फक्त फीत खिशात आत ढकलली. पंचाक्षरय्यांना ते जास्त लागलं. मुलाचं लग्न, मांडव, छापायला टाकलेल्या पत्रिका, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरावर जे केलं ते आपल्यावर केलं.

"व्याहीबुवा, चूक माझी आहे," ते म्हणाले. "चवरी मी घातली. मिशीही मीच. वडील एवढंच म्हणाले होते, इथं आहेत तुझे आजोबा. ते कोण, कुठे, मला माहीत नाही. नंतर मी कधी येऊन बघितलंच नाही. भीती वाटत होती, नसलेच तर?"

 पहारेकऱ्याने शिट्टी तोंडातून काढली.

"अहो, पण आजेसासरे चित्रात कसे असतील?" देवीरम्मा म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ते पगड्या बांधायचे ना इथं. सासूबाई सांगायच्या. दसऱ्याला पहाटेपासून मिरवणुकीतल्या मानकऱ्यांची डोकी बांधायचे. हात भरून यायचे नुसते. मिरवणूक निघाली की घरी येऊन जे झोपायचे ते दुसऱ्या दिवशी उठायचे. जन्मात त्यांनी मिरवणूक पाहिली नाही म्हणे."

पंचाक्षरय्या गर्रकन बायकोकडे वळले. "आणि हे तू मला पस्तीस वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्हीच सांगत होतात. मला वाटलं, पगड्या झाल्यावर चवरीही ढाळत असतील. नोकरी म्हटली की साहेब सांगेल ते करावं लागतं."

मरीगौडा हसणार होते, पण तेवढ्यात चन्नबसप्पा भिंतीपाशी गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. एकदा चित्रातल्या नाकवाल्या गृहस्थाकडे पाहिलं, एकदा पंचाक्षरय्यांच्या डोक्याकडे.

"व्याहीबुवा, जरा वळा. डावीकडे. हं, थांबा तसेच." त्यांचं बोट पगडीच्या पेचावरून फिरलं. "तुमचा पेच उलटा का?"

"मी डावखुरा आहे. वडीलही होते."

"आणि आजोबा?"

"होते की," देवीरम्मा म्हणाल्या. "डाव्या हाताने जेवतात म्हणून सासूबाईंच्या सासूबाई बोलायच्या त्यांना."

"मग इकडे या सगळे," चन्नबसप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चाळीस वर्षांची मोजणी जागी झाली. "त्या मघाच्या बंदूकवाल्याचा पेच बघा. उजवा. त्याच्या शेजारचा, उजवा. आता या आजींच्या आजोबांचा बघा. डावा! चित्रकाराने समोर दिसलं तसं काढलंय, पेचसुद्धा."

म्हातारी नाक भिंतीला लागेल इतकी जवळ गेली. "अय्यो, खरंच की! इतकी वर्षं मी नाकच बघत होते."

मग जे झालं ते त्या दालनात क्वचितच झालं असेल. चन्नबसप्पांनी भिंतीचे पट्टे पाडले आणि माणसं वाटून दिली. मरीगौडांना घोडेस्वार, दोन्ही विहिणींना अधिकारी, सहा जणांच्या कुटुंबाला पायदळ. म्हातारीने वाजंत्रीवाले स्वतःहून घेतले. पहारेकरी आधी "थांबू नका" म्हणाला, मग "काय शोधताय?" म्हणाला आणि शेवटी कोपऱ्यातून ओरडला, "इकडे एक डावा आहे!"

एकूण अकरा भरले. चन्नबसप्पांनी दोनदा मोजले. पायदळाने बारावा सांगितला होता, तो त्यांनी तपासून रद्द केला, कारण त्या माणसाने मान वळवली होती.

"म्हणजे तुमच्या आजोबांनी माझ्या आजोबांच्या डोक्याला हात लावलाय," म्हातारी म्हणाली. तिने पिशवीतून रसबाळे केळ्यांची फणी काढली आणि पंचाक्षरय्यांच्या हातात दिली. "मघाशी बोलले ते मनावर घेऊ नका. घ्या, दोन खा, तोंड उतरलंय."

सहा जणांच्या कुटुंबाचा प्रमुख वही काढून उभा होता. "गाईडसाहेब, घोळ झाला जरा. यातले तुमचे आजोबा नेमके कुठे?"

पंचाक्षरय्यांनी केळ्यांची फणी उजव्या हातात घेतली, डावा हात वर केला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मध्येच तो हात थबकला. सातव्या वर्षी, खांद्यावरून, त्यांनी हाच हात पाहिला होता.

"इथं," ते म्हणाले. "सगळीकडे."

"अकरा ठिकाणी," चन्नबसप्पांनी दुरुस्ती केली.

परतताना, चपलांच्या खिडकीपाशी, व्याही जरा रेंगाळले. "एक मागणं आहे," ते म्हणाले. "लग्नात माझी पगडी तुम्ही बांधायची."

"पेच उलटा जाईल हं."

"सुलटा गेला तर मी मांडवात येणार नाही."

लग्न धारवाडला झालं. मुहूर्ताच्या आधी पंचाक्षरय्या दोन तास उभे होते. नवरदेव, व्याही, व्याह्यांचे चार भाऊ, आणि साक्षीदार म्हणून आलेले मरीगौडा, सगळ्यांची डोकी त्यांनी बांधली. खास बोलावलेल्या मंड्याच्या आजी शेजारी बसून प्रत्येक पेच तपासत होत्या. हात भरून आले, तेव्हा आजोबांना काय होत असेल ते पंचाक्षरय्यांना प्रथमच कळलं. मंगलाष्टकं चालू असताना तर त्यांना खुर्चीतच डुलकी लागली.

पूर्ण जाग आली ती जेवणाच्या पंगतीत. पलीकडे चन्नबसप्पा डाव्या पेचाची पगडी मिरवत आपल्या पाहुण्यांना सांगत होते, "साधंसुधं घराणं नव्हे. म्हैसूरच्या राजवाड्यात त्यांच्या आजोबांनी बांधलेल्या बावीस पगड्या आहेत भिंतीवर. बावीस! मी स्वतः मोजल्यात."

पंचाक्षरय्यांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. मग त्यांनी व्याह्यांच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, पेन्सिल खिशातच राहू दिली आणि आणखी एक पेढा वाढायला सांगितला.